पाच पाकळ्यांचा ठसा: लेटरबॉक्सिंगसाठी एका घरानं कोरलेल्या शिक्क्याची हकीकत

अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्याच्या वनविभागानं आपल्या जंगलांमध्ये लहान लहान पेट्या लपवून ठेवल्या आहेत. पेटीत एक वही आणि एक रबरी ठसा असतो. तिथवर नेणाऱ्या खुणा लिहून दिलेल्या असतात: गाडी कुठे लावायची, वाट फुटली की कोणत्या हाताला वळायचं, कोणत्या खडकामागे बघायचं. पेटी सापडली की तिच्यातला ठसा आपल्या वहीत उमटवायचा, आपला ठसा तिच्या वहीत उमटवायचा, तारीख आणि टोपणनाव लिहायचं, आणि पेटी होती तशी झाकून निघायचं. अशा पाच पेट्या शोधल्या की वनविभाग एक कापडी बिल्ला देतो. या छंदाला लेटरबॉक्सिंग म्हणतात.

माझा धाकटा भाऊ, भावजय, अकरा वर्षांची भाची आणि सहा वर्षांचा भाचा या नादाला लागले, तेव्हा आमची आई साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी त्यांच्याकडे आलेली होती. मी त्यांच्यापासून तासाभराच्या अंतरावर राहते आणि लिनोवर, म्हणजे लिनोलियमच्या तुकड्यावर, कोरून छापे काढते, म्हणून हत्यारांसाठी आणि सल्ल्यासाठी मला बोलावणं आलं. पाच जणांचा मिळून एक ठसा कसा करायचा, हे त्यांच्यापुढचं कोडं होतं. ते कसं सुटलं ते सविस्तर लिहिते आहे. रबर कोरायची कृती कुठेही मिळते. घरातल्या लहानथोर हातांना झेपेल असा ठसा आखायचा कसा, यावर मात्र फारसं वाचायला मिळत नाही.

थोडं मूळ सांगते. हा छंद इंग्लंडमधल्या डेव्हन परगण्यातल्या डार्टमूरचा. १८५४ मध्ये चॅगफर्ड गावच्या जेम्स पेरट या वाटाड्यानं क्रॅनमियर पूल नावाच्या आडबाजूच्या, दलदलीच्या जागी एक बाटली ठेवली. तिथवर चालत येणाऱ्यानं तिच्यात आपलं भेटकार्ड टाकायचं. पुढे लोक स्वतःचाच पत्ता घातलेली पत्रं ठेवू लागले आणि मागाहून येणारा ती नेऊन टपालात टाकू लागला. रबरी शिक्के त्यानंतर आले. शंभर ठसे जमवणाऱ्यांसाठी डार्टमूरवर ‘हंड्रेड क्लब’ आहे. अमेरिकेत ही लाट आली ती १९९८ मध्ये स्मिथसोनियन मासिकात आलेल्या एका लेखानंतर, आणि इकडे ठसा स्वतःच्या हातानं कोरायचा असा रिवाज पडला. २००० मध्ये जीपीएसच्या मदतीनं लपवलेल्या पेट्या शोधायचं जिओकॅशिंग निघालं आणि बहुतेक गर्दी तिकडे गेली. तरी लेटरबॉक्सिंग टिकून आहे ते या कोरीव ठशांमुळेच, असं मला मनापासून वाटतं. पेटीतली वही उघडली की पानापानावर कुणाच्या तरी हाताची रेघ दिसते.

भावाच्या घरानं पहिली पेटी शोधली ती दुकानातून आणलेला हसऱ्या चेहऱ्याचा शिक्का घेऊन. वही उघडली तर त्याच चेहऱ्याचा शिक्का आधीच्या एका पानावर होता, दुसऱ्याच कुणी मारलेला. भाचीला ते फार लागलं. “आपण येऊन गेलो हे कळणार कसं?” असं ती परतीच्या वाटेवर विचारत राहिली.

एक ठसा की पाच?

घरी बसल्यावर मतं फुटली. भाचीला स्वतःचा वेगळा ठसा हवा होता. भाच्याला ताईचा असेल तर आपलाही हवाच होता. भावाचं म्हणणं, प्रत्येक पेटीपाशी पाच ठसे, पाच वेळा शाई आणि पाच वेळा पुसापुशी करत बसलो तर अंधार पडेल. शिवाय वही सगळ्यांसाठी असते, एका घरानं पान अडवून ठेवणं बरं नाही. त्याचं बरोबर होतं. पेटीतली वही बहुधा तळहाताएवढी असते.

तोड आईनं काढली. साताऱ्याच्या घराच्या अंगणात पांढरा चाफा आहे. तिनं डब्याच्या मागच्या कागदावर पेन्सिलीनं चाफ्याचं फूल काढलं आणि म्हणाली, “पाच पाकळ्या, पाच माणसं. ज्यानं त्यानं आपापली कोरा.”

फूल सहा सेंटिमीटर व्यासाचं धरलं. ३६० भागिले पाच म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला ७२ अंशांची फाक. भाचीनं कोनमापक घेऊन ती आखली. तीन सेंटिमीटर लांब, बाहेरच्या बाजूला साधारण साडेतीन सेंटिमीटर रुंद. प्रत्येक फाक सुटी कापायची. सुटी वापरली तर एकाची पाकळी, पाचही जोडल्या तर फूल.

इथे आई अडून बसली. भाचीनं पाच पाकळ्या सुट्या सुट्या काढल्या होत्या, पानासारख्या. “हा चाफा नव्हे. चाफ्याची पाकळी शेजारच्या पाकळीवर चढलेली असते,” आई म्हणाली. आता एकीवर एक चढणारी पाकळी सरळ कडेच्या फाकेत बसवायची कशी? बराच वेळ कागद खराब केल्यावर मार्ग निघाला. प्रत्येक फाकेत पाकळीची एकच कड जाड रेघेनं दाखवायची आणि दुसरी बाजू मोकळी सोडायची. पाचही फाका एकत्र आल्या की शेजारच्या पाकळीची जाड कड त्या मोकळ्या बाजूला येऊन बसते आणि पाकळी तिच्याखाली गेल्यासारखी दिसते. एकटी पाकळी उमटवली तर ती एका बाजूनं उघडी दिसणार, हे सगळ्यांना आधीच सांगितलं आणि सगळ्यांनी ते मान्य केलं. भाचीला ते विशेष आवडलं. माझ्या मते सगळ्या कामातला हा सर्वांत चांगला निर्णय.

कोरणं

रबर म्हणून मी ठसे कोरण्यासाठीच मिळणारी गुलाबी लादी नेली होती. ती चार बाय सहा इंचांची आणि सुमारे सहा मिलिमीटर जाड असते, लिनोपेक्षा खूप मऊ, कडा भुगा न होता साफ निघते. पहिल्या सरावाला मात्र पांढरे खोडरबर दिले. खोडरबर स्वस्त असतो, वाया गेला तरी हळहळ वाटत नाही. हत्यारं दोनच: बारीक रेघेसाठी इंग्रजी व्हीच्या आकाराच्या पात्याची कोरणी, आणि मोकळी जागा उपसायला रुंद, गोल पात्याची. फाका कापायला धारदार कटर, तो फक्त मोठ्यांच्या हातात.

चित्र रबरावर उतरवायला ट्रेसिंग पेपर आणि मऊ पेन्सिल पुरते. कागदावर सुलटं चित्र काढायचं, कागद पालथा घालायचा आणि पाठीवरून नखानं घासायचं. पेन्सिलीची भुकटी रबरावर उतरते आणि चित्र आपोआप उलटं होतं. छापलं की पुन्हा सुलटं. भावाला संगणकावर काढलेलं अक्षर हवं होतं, म्हणून त्याचं लेझर प्रिंट पालथं ठेवून पाठीवर अॅसिटोनचा बोळा फिरवला. कापूस ओलसर हवा, निथळता नको, कारण अॅसिटोन जास्त झालं तर रबराचा पृष्ठभाग चिकट होतो. इंकजेटच्या छपाईला ही युक्ती चालत नाही.

कोरताना दोनच गोष्टी मी पुन्हा पुन्हा सांगितल्या. एक, पातं रेघेच्या बाहेरच्या बाजूला कलतं धरायचं, म्हणजे उरलेल्या रेघेचा पाया वरच्या टोकापेक्षा रुंद राहतो. पाया आतून पोखरला गेला की दाब पडल्यावर रेघ वाकते आणि शेवटी तुटते. दुसरी, वळण कोरताना हत्यार फिरवायचं नाही. हत्यार जागच्या जागी ठेवून रबर फिरवायचं. ही दुसरी गोष्ट भावाला जमेना, मनगट वळायचंच. आईनं एकदा पाहिलं आणि म्हणाली, “म्हणजे विळीसारखं. पातं जागेवर, भाजी फिरते.” त्यानंतर मला तिला काही सांगावं लागलं नाही. रबराखाली ओलं फडकं घालून तिनं ते सावकाश फिरवत आपली पाकळी कोरली. तिच्या पाकळीत रांगोळीच्या ठिपक्यांची एक ओळ आहे. ते ठिपके कोरलेले नाहीत. आटलेल्या बॉलपेनची धातूची पोकळ टोपी रबरात दाबून फिरवली की गोल वर्तुळ कापलं जातं; त्याच्या भोवतालचं रबर काढलं की ठिपका उभा राहतो.

भाच्याला पातं द्यायचं नव्हतं, आणि त्याच्या पाकळीवर दुसऱ्या कुणाचा हातही लागू द्यायचा नव्हता. त्याच्यासाठी दोन मिलिमीटर जाडीचा हस्तकलेचा फोम आणला. पाकळी कात्रीनं त्यानंच कापली आणि बॉलपेननं जोर देऊन तीवर एक बेडूक काढला. फोमवर दाबलेली रेघ खाली जाते, तिथे शाई लागत नाही. म्हणून ती कागदावर पांढरी येते आणि बाकीची पाकळी भरीव. इतर चार पाकळ्यांत रेघ गडद आणि जमीन कोरी. म्हणजे फुलात एक पाकळी काळी आणि तिच्यात पांढरा बेडूक. एकसारखं दिसावं म्हणून भावजय ती बदलू पाहत होती, पण छापून पाहिल्यावर तिनंच हात आवरला. त्या एका गडद पाकळीनं फुलाला वजन येतं.

अडचण जाडीची आली. पाचही फाका एकत्र धरून छापल्या तर बेडूक उमटेचना. फोमची फाक एका पातळ लाकडी चकतीवर चिकटवून जाडी इतरांबरोबर बरोबर सहा मिलिमीटर केली होती. पण फोम दबतो, रबर तितकं दबत नाही. चकतीखाली जाड पुठ्ठ्याचा एक थर वाढवला आणि फाक इतरांपेक्षा किंचित वर आली, तेव्हा पाचही पाकळ्या सारख्या उमटल्या. फाकांचा क्रम चुकू नये म्हणून भाचीनं पाठीवर १ ते ५ आकडे घातले. ठसा हातात धरल्यावर त्याची पाठ आपल्याकडे असते, त्यामुळे पाठीवर दिसतो तोच क्रम कागदावर येतो. तोंडाकडून बघून लावल्या तर उलटा. हे तिचं तिनं शोधून काढलं. मग पाचही फाका एका रुंद रबरबँडनं आवळून पारदर्शक झाकणावर दुहेरी टेपनं बसवल्या, हव्या तेव्हा सोडवता याव्यात म्हणून.

भावजयीनं टोपणनावाचा ठसा केला: ‘पाकळ्या’, देवनागरीत. देवनागरी कोरायला रोमनपेक्षा सोयीची आहे असं माझं मत आहे. शिरोरेषेमुळे सगळी अक्षरं एकमेकांना धरून राहतात. एकटं अक्षर हलत नाही, तुटत नाही. त्रास होतो तो बंदिस्त पोकळ्यांचा. ‘क’ निभावतो, पण ‘ळ’ची दोन वेटोळी लहान आकारात बुजतात, आणि इथे तर पुढे ‘या’ जोडलेला. म्हणून अक्षरांची उंची पंधरा मिलिमीटर ठेवली आणि वेटोळ्यांच्या आतली जागा तिनं आधी कोरली, बाहेरची नंतर. बाहेर भरपूर रबर असेपर्यंत आतलं बारीक काम करता येतं. बाहेरचं आधी काढलं तर उरलेली पातळ भिंत दाबाखाली हलते. हा क्रम कुठल्याही बारीक ठशाला लागू आहे.

जंगलात

घरी नीट उमटणारा ठसा पेटीपाशी उमटेलच असं नाही. तिथं टेबल नसतं. दगडावर वही ठेवली तर कागदाखालचा खड्डा ठशात दिसतो. म्हणून पिशवीत एक पातळ, मऊ माउसपॅड ठेवायचं आणि वहीच्या पानाखाली सरकवायचं. शाईतही फरक असतो. पिगमेंटची, म्हणजे रंगकणांची, शाई गडद आणि देखणी येते पण सावकाश सुकते. वही मिटली की समोरच्या पानावर फराटे उठतात. बारीक रेघांना डायची, म्हणजे विरघळलेल्या रंगाची, शाई बरी, लवकर वाळते, मात्र पातळ कागदाच्या पाठीवर उतरते. या घरानं शेवटी पाण्याच्या शाईचे ब्रश मार्कर घेतले. प्रत्येक पाकळीवर हवा तो रंग थेट लावायचा. पाचवी पाकळी रंगवेपर्यंत पहिली सुकते, म्हणून छापण्याआधी ठशावर तोंड उघडून गरम वाफ सोडायची, आरशावर सोडतो तशी. ते काम भाच्याकडे आहे आणि तो ते दुसऱ्या कुणाला करू देत नाही.

नियम भाचीनं लिहिला आणि वहीच्या पहिल्या पानावर चिकटवला: पेटीतली वही मोठी असेल तर पूर्ण फूल, लहान असेल तर ज्याला पेटी सापडली त्याची एकच पाकळी. भांडण तिथेच मिटलं. त्यांच्या स्वतःच्या वहीत आता प्रत्येक पेटीच्या ठशाशेजारी तारीख आणि शोधणाऱ्याची पाकळी आहे. कोण कशात तरबेज आहे हे त्या वहीवरून कळतं. खडकांच्या कपारीतली पेटी बहुतेक वेळा भाचा शोधतो, कारण त्याची नजर त्या उंचीवर असते. जिथे होकायंत्र लागतं तिथे भाची. कनेक्टिकटमध्ये होकायंत्राची उत्तर नकाशाच्या उत्तरेपासून सुमारे १३ अंश पश्चिमेला पडते, आणि खुणा कोणत्या उत्तरेच्या हिशेबानं लिहिल्या आहेत हे ती आधी बघते.

कपारीत हात घालण्यापूर्वी काठीनं चाचपायचं, आणि पँटचे पाय मोज्यांत खोचायचे. लाइम रोगाला नाव मिळालं ते याच राज्यातल्या लाइम गावावरून; गोचीड इथे कुठेही असू शकते. परतल्यावर मुलांच्या गुडघ्यांमागे आणि कानांमागे तपासायचं काम आईनं घेतलं होतं.

स्वतःची पेटी

पावसाळ्यासारख्या एका ओल्या वसंतात त्यांनी स्वतःची पेटी ठेवायचं ठरवलं. गावातल्या जमीन जपणाऱ्या संस्थेच्या टेकडीवर, लेखी परवानगी घेऊन. परवानगीशिवाय पेटी ठेवू नये, आणि जुन्या दगडी गडग्यांतले दगड हलवून तर मुळीच ठेवू नये. न्यू इंग्लंडच्या, म्हणजे कनेक्टिकटसह अमेरिकेच्या ईशान्येकडच्या राज्यांच्या, जंगलांतले ते गडगे जुन्या शेतकऱ्यांनी रचलेले आहेत. जागा निवडली ती पडलेल्या ओकच्या खोडाची पोकळी, वाटेपासून थोडी आत.

त्या टेकडीवर आई प्रथम गेली तेव्हा खाली बसून दगडावर हात फिरवत राहिली. काळा, तडे गेलेला, उभा फुटणारा दगड. “हा आपलाच दगड आहे,” ती म्हणाली. खरंच तसं आहे. कनेक्टिकट खोऱ्यातल्या या रांगा बेसाल्टच्या आहेत, सुमारे २० कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या. सह्याद्रीचा बेसाल्ट साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा. वय वेगळं, जात एक. त्या दिवशी पेटीतल्या ठशाचं चित्र ठरलं: सपाट माथ्याचा अजिंक्यतारा. आपला सहीचा ठसा पेटीत कधीच सोडायचा नसतो. पेटीसाठी वेगळा कोरायचा, आणि हा भाचीनं एकटीनं कोरला. पायऱ्यांसारखे लाव्हाचे थर तिनं आडव्या पांढऱ्या रेघांनी दाखवले आहेत. रुंद कोरणीनं आभाळ उपसताना ओरखडे राहिले होते, तेही छापात येतात. पुसून टाकू का असं तिनं विचारलं, मी राहू दे म्हटलं. वाऱ्यासारखे दिसतात.

पेटी चारी बाजूंनी कडी लागणारी, रबरी पट्टीच्या झाकणाची घेतली. वही एका झिपच्या पिशवीत, ठसा कापडी थैलीत आणि मग दुसऱ्या पिशवीत. थैली आवश्यक आहे. खोडरबर कंपासपेटीत पट्टीला चिकटून पट्टी वितळल्यासारखी होते हे आपण सगळ्यांनी शाळेत पाहिलेलं आहे. असा ठसा प्लॅस्टिकला थेट टेकला तर तेच होऊ शकतं. ठशामागे लाकूड लावलं नाही, कारण ओलीत ते फुगतं आणि रबर सुटतं. पहिल्या हिवाळ्यानंतर पाहिलं तर एका पाहुण्यानं पिशवी अर्धवट मिटली होती, वही फुगली होती आणि काही पानं चिकटली होती. ठसा मात्र जसाच्या तसा. वही घरी नेऊन पानांमध्ये टिपकागद घालून वाळवली आणि पेटीत नवी ठेवली. झाकणाच्या आत आता “दोन्ही पिशव्या पूर्ण मिटा” असं भाच्यानं लिहिलेलं आहे.

आईचे सहा महिने संपत आले तेव्हा तिच्या पाकळीचा प्रश्न आला. ती तिला हवी होती, आणि फुलातही हवी होती. ठशाची प्रत काढता येते. मूळ ठशाला भरपूर पिगमेंटची शाई लावून गुळगुळीत ट्रेसिंग पेपरवर छापायचं, आणि ओली असतानाच तो छाप नव्या रबरावर पालथा दाबायचा. छाप सुलटा असतो, रबरावर तो उलटा उतरतो, म्हणजे मूळ ठशासारखाच. मग त्यावरून कोरायचं. भाचीनं ती प्रत कोरली. ठिपक्यांसाठी तीच पेनची टोपी वापरली, पण कड आजीपेक्षा बारीक आली. दोन्ही शेजारी छापून पाहिल्या आणि फुलात प्रत राहू दिली.

मूळ पाकळी साताऱ्याला गेली. आई नातवंडांना पत्र लिहिते त्याच्या खाली ती सहीच्या जागी मारते. तिथं स्टेशनरीच्या दुकानात ऑफिसचं जांभळं स्टॅम्पपॅड मिळतं, ते या रबराला चालतं. मारून झालं की लगेच ओल्या फडक्यानं पुसायचं, नाहीतर ठिपक्यांच्या मधली जागा शाईनं भरते.